आडनावाचा रकाना काढा : आमच्या विद्यार्थी मंडळाला खुले पत्र

मंडळाच्या कार्यकारिणीतील सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्यांना मी विमानतळावरून आणलेलं आहे. बाकीच्यांपैकी काहींनी माझ्या हॉलमध्ये गादी टाकून अमेरिकेतली पहिली रात्र काढली आणि पहाटे तीनला टक्क जागे होऊन डब्यातले शंकरपाळे संपवले. त्यामुळे तुम्हाला चारचौघांत पत्र लिहिणं मला जड जातंय. आधी दोन मेल लिहिल्या, एका बैठकीत बोलले, उत्तर आलं ते तीन ओळींचं. म्हणून हे उघड पत्र. गावाचं, विद्यापीठाचं, मंडळाचं नाव लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची नाहीये. शिवाय नाव घातलं तर इतर गावांतली मंडळं 'आपलं नाही बुवा' म्हणून सुटकेचा श्वास टाकतील.

प्रश्न यंदाच्या माहितीपुस्तिकेचा आहे. 'राहण्याची सोय' या प्रकरणासाठी तुम्हीच माझ्याकडून दोन पानं मागितली होती. अमेरिकी विद्यापीठांच्या वसतिगृहांत काळ्या मुलींना राहायला जागा कशी मिळाली, हे मी लिहून दिलं. (लीजवर सही करण्याआधी काय वाचावं, हेही लिहिलं होतं. ते तेवढं तुम्ही ठेवलंत.) पानं वगळण्याचं कारण कळवलंत ते असं : विषय चांगला आहे, पण राजकीय होतो, आणि आपल्या मुलांशी त्याचा थेट संबंध नाही. त्याच प्रकरणात दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा राहिल्या. एक, रूममेट जुळवण्याचा अर्ज, ज्यात आडनाव, मूळ गाव आणि 'घरचं वळण' असे रकाने आहेत. दुसरी, रेल्वेरुळांच्या पलीकडे घर घेऊ नका ही सूचना. का, तर 'तिकडची वस्ती चांगली नाही'.

'संबंध नाही' हे वाक्य मला गिळता येत नाही. म्हणून वगळलेल्या पानांतलं बरंचसं इथे पुन्हा सांगते. आणि हो, 'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री शब्द माझ्या तोंडी बसत नाही. त्या स्वतःला ब्लॅक म्हणवतात, मी काळ्या म्हणते; त्यात कमीपणा वाटत असेल तर तो आपल्या डोक्यातला आहे.

ऑथरीन लूसी आणि तिची मैत्रीण पॉली अ‍ॅन मायर्स यांनी १९५२ मध्ये अलाबामा विद्यापीठात अर्ज केला. आधी प्रवेश मंजूर झाला, मग त्या काळ्या आहेत हे कळल्यावर फिरवला गेला. कोर्टकचेरीत साडेतीन वर्षं गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. निकाल बाजूने लागला तरी मायर्सला विद्यापीठाने चारित्र्य काढून बाहेरच ठेवलं. (मुलीला अडवायचं तर हे हत्यार कुठल्याही देशात हाताशी असतं.) लूसीला फेब्रुवारी १९५६ मध्ये प्रवेश मिळाला, पण कसा? वर्गात बसायचं, वसतिगृहात राहायचं नाही, मेसमध्ये जेवायचं नाही. म्हणजे पोरगी शिकायला चालेल, पण आमच्या मुलींच्या शेजारच्या खाटेवर झोपलेली चालणार नाही, आमच्या पंगतीला बसलेली चालणार नाही. वर्गांच्या तिसऱ्याच दिवशी जमाव अंडी आणि दगड घेऊन तिच्या मागे लागला. विद्यापीठाने निलंबित केलं ते तिलाच, 'तिच्याच सुरक्षिततेसाठी'. मग काढूनच टाकलं. ती हकालपट्टी रद्द व्हायला १९८८ उजाडलं. १९९२ मध्ये ती तिथूनच एम. ए. झाली, त्याच वर्षी तिची मुलगीही तिथून पदवीधर झाली.

त्याच अलाबामात ११ जून १९६३ ला काळ्या विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखायला राज्याचा गव्हर्नर, वॉलेस, विद्यापीठातल्या सभागृहाच्या दारात आडवा उभा राहिला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. फोटोत न आलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दारातलं नाटक संपायच्या आधीच व्हिव्हियन मलोन ही विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहात, मेरी बर्क हॉलमध्ये, पोचली होती. केंद्र सरकारचे अधिकारी निकोलस कॅटझेनबाख तिला तिथवर सोडून आले. सगळ्या जगाचे कॅमेरे एका दारावर लागलेले, आणि खोलीची किल्ली भलत्याच दारात फिरलेली! १९६५ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली. त्या विद्यापीठाची ती पहिली काळी पदवीधर.

जॉर्जियातली खोली मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. जानेवारी १९६१. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे दोघं कोर्टाच्या आदेशाने जॉर्जिया विद्यापीठात दाखल झाले. होम्स गावात एका काळ्या कुटुंबाकडे राहिला. शार्लेनला मायर्स हॉल या मुलींच्या वसतिगृहात जागा दिली, पण तळमजल्यावर, एकटीला, बाकी सगळ्या मुली वर. वरच्या मुली पाळ्या लावून जमिनीवर पाय आपटत राहायच्या, खाली तिला झोप लागू नये म्हणून. तिसऱ्या रात्री, ११ जानेवारीला, विद्यापीठाचा संघ बास्केटबॉलचा सामना हरला आणि जमाव थेट तिच्या खिडकीवर आला. विटा, बाटल्या, काचा आत, तिच्या सामानावर. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आणि मग? मग निलंबन त्या दोघांचं! रात्रीच त्यांना अटलांटाला परत पाठवलं. ती बाहेर पडत असताना मुली ओळीने उभ्या होत्या आणि एकीने पावलीचं नाणं तिच्याकडे फेकलं : घे, आणि माझ्या अंथरुणाच्या चादरी बदल. काही दिवसांत न्यायाधीशांनी दोघांनाही परत घ्यायला लावलं. ती परत आली, त्याच वसतिगृहात. १९६३ मध्ये पत्रकारितेची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतल्या नामांकित पत्रकारांत गणली गेली.

अठरा वर्षांची होती ती. मला त्या वयात हॉस्टेलच्या गॅसची पाळी चुकवायचं तेवढं टेन्शन असायचं.

हे सगळं दक्षिणेतलं, असं कुणी म्हणेल. ओहायो दक्षिणेत नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात इतर मुलींबरोबर एका घरात राहून घर चालवायला शिकायचं असे. डॉरिस वीव्हर या काळ्या विद्यार्थिनीला त्या घरात वेगळी, स्वतंत्र जागा देऊ केली. ती भांडली. १९३३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचं बरोबर ठरवलं. आयोवाही दक्षिणेत नाही. एलिझाबेथ कॅटलेट १९४० मध्ये आयोवा विद्यापीठातून शिल्पकलेतली एम. एफ. ए. पदवी घेणारी पहिली विद्यार्थिनी ठरली, पण वसतिगृहात तिला जागा नव्हती. काळ्या स्त्रियांच्या क्लबांच्या राज्य संघटनेने १९१९ मध्येच आयोवा सिटीत मुलींसाठी एक घर विकत घेतलं होतं, वर्गणी काढून, कारण विद्यापीठ आत घेत नव्हतं. १९४६ मध्ये एस्थर वॉल्स, व्हर्जिनिया हार्पर, नॅन्सी हेन्री, ग्वेन डेव्हिस आणि लीअ‍ॅन हॉवर्ड या पाच जणी करियर हॉलमध्ये राहायला गेल्या तेव्हा ती भिंत पडली. २०१७ मध्ये तिथे नवं वसतिगृह उघडलं, त्याचं नाव कॅटलेट हॉल. जिला खोली दिली नाही तिच्या नावाची इमारत. विद्यापीठांना हे फार उशिरा, पण अगदी झोकात सुचतं.

टेक्सासचं थोडं जास्त सांगते, कारण तिथल्या 'नियमावली'त आपल्याला आपलं घर दिसेल. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने १९५६ मध्ये काळ्या मुलामुलींना पदवीच्या अभ्यासक्रमांत घेतलं. वसतिगृहं मात्र गोऱ्यांचीच ठेवली. काळ्या मुलींना वेगळी घरं. त्या घरांची सांभाळणारी अल्मेट्रिस ड्यूरेन, मुलींची 'मामा ड्यूरेन', मामा म्हणजे आई. समोर किनसॉल्व्हिंग हे नवंकोरं, वातानुकूलित वसतिगृह. तिथे काळी मैत्रीण भेटायला आली तर तिने कुठपर्यंत यायचं, पाणी कुठलं प्यायचं नाही, कुठलं स्वच्छतागृह वापरायचं नाही, असले नियम. कुठल्या पाण्याला हात लावायचा नाही, हे वाचून ज्याला महाड आठवत नाही त्याने शाळेतला इतिहास परत काढून बघावा. ऑक्टोबर १९६१ मध्ये विद्यार्थी किनसॉल्व्हिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसले. विद्यापीठाने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी दावा लावला. १९६४ मध्ये वसतिगृहं सगळ्यांना खुली झाली. आज तिथे ड्यूरेन हॉल आहे, २००७ पासून. आणि त्याच आवारात कू क्लक्स क्लान या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या एका पुढाऱ्याचं नाव एका वसतिगृहाला होतं, ते २०१० मध्ये जाऊन काढलं.

आता, आपला संबंध.

१९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक व्हायची मुभा होती. शंभर. सगळ्या देशातून. ते कोटे मोडले ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याने तापवलेल्या तव्यावरच भाजला गेला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण, मूळ देश पाहून भेदभाव करता येणार नाही, हे १९६४ च्या कायद्यात आलं. घर भाड्याने देताना करता येणार नाही, हे १९६८ च्या. तुम्ही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खोलीसाठी क्लिक करता आणि तुमच्या कातडीचा रंग कुणी विचारत नाही, याचं कारण तुमचे जीआरईचे गुण नाहीत.

आणि बाबासाहेब? १९१३ मध्ये ते कोलंबियाला आले आणि पुढे तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याबरोबर राहिले. त्यांच्या चरित्रातली ती पानं तुम्ही सगळे चौदा एप्रिलला वाचता. त्याच विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉलमध्ये एक काळा विद्यार्थी राहतो म्हणून १९२४ मध्ये धमकी म्हणून बाहेर क्रॉस पेटवला गेला, हे कुणी वाचत नाही. आणि बाबासाहेब परतले तेव्हा, १९१७ मध्ये, बडोद्यात इतक्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी खाणावळीत उतरले, काही दिवसांतच काठ्या घेतलेले लोक दारात आले, आणि ते कामाठी बागेत जाऊन बसून राहिले. १९४६ मध्ये, त्या पाच मुली करियर हॉलमध्ये शिरल्या त्याच वर्षी, बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या काळ्या अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहिलं : अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास करणं आम्हाला गरजेचंच आहे. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे पत्र वाचावं.

माझं स्वतःचं सांगते. मी मराठवाड्यातली. पाचवीपासून बारावीपर्यंत मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहिले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढलं, ती पणती तिथून आमच्यापर्यंत आली असं आमच्या रेक्टरबाई सांगायच्या. १९९९ मध्ये मी या गावात आले तेव्हा तीन मुलींच्या एका घरात चौथी जागा रिकामी होती. फोनवर सगळं ठरलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का? म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" मी तेही सांगितलं. अर्ध्या तासाने फोन आला की जागा कालच गेली. महिनाभराने तीच जागा सूचनाफलकावर पुन्हा दिसली.

मला खोली मिळाली रुळांपलीकडे. तुमच्या पुस्तिकेत ज्या वस्तीला 'चांगली नाही' म्हटलंय, तिथेच. घरमालकीण सत्तरीची, काळी, निवृत्त नर्स. तिने दोन प्रश्न विचारले : भाडं वेळेवर देशील ना, आणि रात्री दार लावून घेशील ना. पहिल्या आठवड्यात मी मिरचीची फोडणी दिली तर खोकत खोकत उठून खिडकी उघडली आणि परत टीव्हीपुढे जाऊन बसली. तिच्या आईनेही विद्यार्थिनी ठेवल्या होत्या, विद्यापीठ ठेवत नव्हतं तेव्हा. ज्या खोलीत मी राहिले तीच खोली. मी तिथे दोन वर्षं राहिले.

माझ्या तक्रारी आता सरळ मांडते.

आडनावाचा रकाना रूममेट जुळवायला लागत नाही. झोपायची वेळ लागते, सिगारेट ओढता का ते लागतं, बजेट लागतं. मांसाहाराचा प्रश्न खरा आहे, हे मला मान्य आहे. एकाच तव्यावर भांडण नको असेल तर ते विचारा की. पण 'घरचं वळण' म्हणजे काय? मी बैठकीत तीनदा विचारलं. कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

वस्तीबद्दलची सूचना. बसची शेवटची फेरी किती वाजता आहे, कुठल्या रस्त्यावर दिवे नाहीत, कुठला घरमालक डिपॉझिट परत देत नाही, हे लिहा, ती माहिती झाली. 'वस्ती चांगली नाही' ही माहिती नाही. नुकत्याच आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी शिकवतोय की कुणाला घाबरायचं. मायर्स हॉलच्या वरच्या मजल्यावरच्या मुलींनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

'राजकीय' हा शब्द. गणपतीच्या कार्यक्रमाला इथले निवडून आलेले पाहुणे बोलावतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो, ते राजकीय नसतं. शिवजयंतीची भाषणं राजकीय नसतात. काळ्या मुलींनी खोली मिळवली, एवढंच राजकीय कसं ठरतं?

शेवटची तक्रार थोडी माझ्या मनाची आहे. निर्णय घेताना पानं लिहिणारीला साधा फोन केला असता तर बरं वाटलं असतं.

मागण्या चारच आहेत आणि त्यांना एक पैसा लागत नाही.

१. रूममेटच्या अर्जातून आडनाव, मूळ गाव आणि 'घरचं वळण' हे रकाने काढा. जुळवणी होईपर्यंत फक्त पहिलं नाव ठेवा. मागच्या तीन वर्षांचे भरलेले अर्ज मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये अजून पडलेत; ते पुसून टाका.

२. रुळांपलीकडच्या वस्तीबद्दलचं वाक्य काढा. त्या जागी बसच्या वेळा, भाड्याचा अंदाज आणि तिथे राहिलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव घाला. मी स्वतः लिहून देते, फक्त बसच्या वेळांचं, इतिहास नाही. शब्द आहे माझा.

३. वगळलेली दोन पानं छापा. लांब वाटत असतील तर एक करा. हवं तर माझं नाव काढा.

४. ऑगस्टच्या स्वागत कार्यक्रमाला काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेला बोलवा. पाहुणे म्हणून ओवाळायला नाही. इथे घर कसं शोधायचं, कुठला घरमालक फसवतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जुनं माहीत आहे.

जुलैच्या बैठकीआधी उत्तर हवंय. 'नाही' असेल तर नाही, पण कारणासकट, आणि या वेळी तीन ओळींपेक्षा जास्त.

दरम्यान, पिकअपच्या यादीत माझं नाव नेहमीसारखं लिहून ठेवा. १० ते १८ ऑगस्ट गाडी मोकळी आहे आणि हॉलमध्ये दोन गाद्या. येणाऱ्या मुलीचं पहिलं नाव, विमानाचा नंबर आणि तिखट चालतं का, एवढंच कळवा.

तुमची,
मंडळाची एक जुनी सभासद